सावकाश जळणाऱ्या दारूचा डबा

बंदुकीची दारू सगळी एकाच वेगानं जळत नाही. एवढं एक वाक्य समजलं की माझी नोकरी समजली. कुठली दारू भर्रकन जळते, कुठली रेंगाळत जळते, आणि कुठल्या रायफलीतल्या कुठल्या वजनाच्या गोळीमागे कुठली घालायची, हे पाहून काडतुसं भरणं हे माझं काम. साठचं दशक सगळं आणि सत्तरातली काही वर्षं मी मुलुंडला हेच केलं. घरी पाहुणे आले की आई सांगायची, "औषधाच्या दुकानात वजनं करते." ते अगदीच खोटं नव्हतं. आमचा तराजू औषधवाल्यांकडूनच घेतलेला होता.

दुकान आबा कुडाळकरांचं. परवाना भिंतीवर काचेत लावलेला, त्याच्याशेजारी गणपती. परदेशी काडतुसं यायची त्या काळात जवळजवळ बंद झाली होती, त्यामुळे शिकारी आणि नेमबाज वापरलेल्या पितळी पुंगळ्या सांभाळून परत आणायचे. मी त्या धुवायचे, तपासायचे, बुडात ठिणगी देणारी नवी टोपी बसवायचे, दारू तोलून घालायचे आणि वर गोळी दाबून बसवायचे. खोली दुकानामागे होती. तिला उत्तरेकडे एक खिडकी आणि खिडकीत मुलुंडच्या टेकड्या. पंखा नव्हता. पंख्याच्या वाऱ्यानं तराजूचा काटा हलतो, म्हणून बसवलाच नव्हता. मे महिन्यात घाम टिपायला मांडीवर पंचा घेऊन बसायचं. पण तशी शांत खोली मला पुन्हा कुठं मिळाली नाही. दुपारी टेकड्यांवर घार फिरत असायची, तराजूचा काटा मधल्या रेघेवर येऊन थरथरायचा, थांबायचा, आणि मीही त्याच्याबरोबर श्वास रोखून थांबायचे. कधी कधी वाटायचं, बाहेरचं सगळं मुलुंड त्या काट्यासाठी थांबलंय.

दारू म्हटल्यावर लोकांना काळी भुकटी डोळ्यांपुढे येते. ती वेगळी, दिवाळीतल्या फटाक्यांची. रायफलीची दारू दिसायला सुंदर असते. एक तिळाएवढ्या चकत्यांची, एक शेवयांच्या बारीक तुकड्यांसारखी, एक मोहरीसारखी गोल. सगळ्यांवर पेन्सिलीच्या शिशासारखी चमक. डबा उघडला की नेलपॉलिशसारखा वास यायचा. तो साडीला चिकटून घरी यायचा आणि मला आवडायचा.

आता वेगाचं सांगते. घाटकोपरच्या बाजारात पोत्यांनी भरलेली हातगाडी पाहिली असेल. तिला धावत जाऊन खांदा मारला तर खांदा निखळेल, गाडी जागेवर राहील. तिला आधी हळू रेटायचं, आणि चाकं फिरायला लागली तरी रेटा सोडायचा नाही. जड गोळी म्हणजे भरलेली गाडी. तिच्यामागे सावकाश जळणारी दारू हवी, नळीच्या टोकापर्यंत रेटत नेणारी. हलकी गोळी म्हणजे रिकामी गाडी. तिच्यामागे सावकाश दारू घातली तर दारू विचार करत बसते आणि गोळी कधीच निघून गेलेली असते. पुंगळीचा आकारही पाहावा लागतो. पोट मोठं आणि गळा अरुंद असेल तर सावकाश दारू. सरळ नळकांडं असेल तर जलद. आणि जड गोळीमागे, अरुंद गळ्यात, चुकून जलद दारू पडली तर वायूला पुढे जायला वाटच उरत नाही. मग तो मागे येतो. मागे नेम धरणाऱ्याचा गाल दस्त्याला टेकलेला असतो.

म्हणून आमचे नियम होते. मी यादी करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती, कारण मला यादीशिवाय भाजीसुद्धा आणता येत नाही. टेबलावर एका वेळी एकच डबा. बाकीचे कपाटात, कपाटाला कुलूप. आणि ज्या दारूबद्दल शंका आली ती, मग कितीही महाग असो, मातीत. परसात पेरूचं झाड होतं, त्याच्या आळ्यात पसरून पाणी घालायचं. दारूत नत्र असतं, झाडाला मानवतं. तो पेरू असा माजला होता की शेजारच्या वहिनी खताचं नाव विचारायच्या आणि मी शेणखत म्हणून सांगायचे.

गिऱ्हाइकं नमुनेदार. अंधेरीच्या एका स्टुडिओत सामान सांभाळणारे इक्बालभाई यायचे, खोटी काडतुसं न्यायला. खोटी म्हणजे गोळी नसलेली, नुसता आवाज. एकदा त्यांनी घाईत दुसरीकडून भरून आणली होती. तिथल्या माणसानं त्यांत रायफलीची सावकाश दारू घातली. समोर अडवायला गोळीच नाही, म्हणजे दाब तयार होत नाही, आणि दाबाशिवाय ती दारू धड पेटतच नाही. निम्मी तशीच बाहेर उडते. इक्बालभाई दुसऱ्या दिवशी दारात उभे.

"ताई, वाट लागली. व्हिलननं गोळी मारली, तर आवाज फुस्स, आणि हीरोच्या पांढऱ्या कोटावर राई! मूठभर राई! हीरो बोलतो, ये मेरे को मारा के तडका दिया?"

आम्ही त्यांना चकत्यांची जलद दारू भरून दिली. त्यावर त्यांची नवी तक्रार, आवाज झकास पण धूर दिसत नाही. धूर हवा असेल तर काळी भुकटी, असं आबांनी सांगितलं. "मग तीच द्या ना, आबा. पब्लिक धुराचे पैसे देतं."

बोरिवलीचे नानासाहेब वेगळे. त्यांना काडतुसाची परीक्षा खांद्यावर करायची सवय. धक्का कमी बसला की म्हणायचे, दारूत पाणी घातलं का रे कुडाळकर. आबा गंभीरपणे म्हणायचे, ह्या खेपेस खास भरलीत, जपून. भरलेली असायची तीच, नेहमीचीच. आठवड्यानं नानासाहेब शर्टाची कॉलर ओढून खांद्यावरचा निळा डाग दाखवायचे, लग्नातला आहेर दाखवावा तसा. पुढे शिकारीवर कायद्यानं बंदी आली. ते बरंच झालं, असं मी म्हणते. त्यांनीही शेवटी तसंच म्हटलं. पण त्यानंतरही ते अधूनमधून येऊन माझ्या खोलीत खुर्चीवर बसायचे. काही मागायचे नाहीत. डबा उघडला की डोळे मिटून वास घ्यायचे, आणि कुठल्या तरी जंगलात जाऊन यायचे.

सुमन आली ती शिकार संपल्यानंतरच्या दिवसांत. सुमन गायकवाड, घाटकोपरच्या एका शाळेत कवायत शिकवायची. कॉलेजात एन.सी.सी.मध्ये तिला रायफल हातात मिळाली आणि तिथून तिनं ती खाली ठेवलीच नाही. बोलायला फटकळ. पहिल्याच दिवशी माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, एवढ्याशा चमच्यानं काय भरताय? मला मारायचंय, गोळ्या होमिओपॅथीच्या नकोत." मी म्हटलं, "जास्त घातली तर तुझा फोटो लावायला लागेल, हारासकट." ती खो खो हसली. मैत्री तिथंच झाली.

ती लहान रायफलीत कधीच पुढे गेली होती. तिला हवी होती मोठ्या रायफलीची, तीनशे मीटरची स्पर्धा. आमच्या भागातल्या क्लबकडे तशी एकच चांगली रायफल होती, मोठ्या पोटाच्या काडतुसाची. पुरुष मंडळी ती कंटाळून सोडून देत चालली होती, कारण काडतुसं मिळत नव्हती. क्लबनं ठरवलं, एवढा मोसम झाला की रायफल विकायची. राज्याच्या संघाची निवड दिवाळीनंतर होती. सुमनला दुसरी रायफल घेणं शक्य नव्हतं. म्हणजे ही निवड तिची पहिली आणि शेवटची. संघात आली तर संघाच्या रायफली वापरायला मिळणार होत्या. नाही आली तर पुन्हा शाळेच्या मैदानावर दक्ष-विश्राम.

तिच्यासाठी आबांनी जड गोळी ठरवली. तीनशे मीटरवर जड गोळी वाऱ्याला फारशी दाद देत नाही. तिच्यामागे घालायला सावकाश जळणारी दारू आमच्याकडे एकच डबा उरली होती, परदेशी, पुन्हा न मिळणारी. पावसाळ्याआधी आम्ही मुलुंडच्या जुन्या दगडाच्या खाणीत बसून तिचं प्रमाण पक्कं केलं. टेकडीला आपटून आवाज परत यायचा, मग आणखी मागून एकदा, पुसट. गोळ्यांची भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातील इतकी जवळ पडायला लागली. मग पाऊस आला, खाण पाण्यानं भरली, आणि तो डबा चार महिने कुणी उघडला नाही. निदान मला तसं वाटत होतं.

ऑक्टोबरात खाण उपसली. मी त्याच डब्यातून, त्याच वजनाची दारू, त्याच गोळीमागे भरून दिली. सुमन चटईवर आडवी झाली. मी मागे पुंगळ्या गोळा करायला बसले होते.

पहिली गोळी झाली. तिनं बोल्ट, म्हणजे रायफलीची मागची खिट्टी, उघडला आणि मान वळवली. "ताई, जड उघडला."

"धूळ असेल."

दुसरी झाली. आता बोल्ट उघडायला तिला तळहातानं ठोसा मारावा लागला. ती लगेच उठून बसली. "धूळ नाही ही. माझ्या हाताला कळतंय."

पुंगळी अजून चटका देत होती. मी तिचं बूड पाहिलं. टोपीची कड एरवी गोल राहते; ही पोळपाटावर लाटल्यासारखी सपाट झाली होती. दाब जास्त झाल्याची खूण. आम्ही सामान आवरलं आणि दुकानात आलो. मी तराजू वजनं ठेवून तपासला, बरोबर. डब्यावरचं नाव, बरोबर. गोळी, बरोबर. आबा वर राहत, त्यांना खाली बोलावलं. त्यांनी पुंगळी खिडकीपाशी धरली, उलटी केली, सुलटी केली आणि खुर्चीवर बसले.

"मीच ठेवलंय," ते म्हणाले. आबा घाबरले की मालवणीवर यायचे. "कॅमेऱ्यांच्या कपाटात. दमट हवेन खराब होतली म्हणान."

आबांना फोटोंचा नाद. आपल्याकडे पावसाळ्यात कॅमेरे आणि रेशमी साड्या ठेवतात त्या कपाटात बुरशी येऊ नये म्हणून बारीक दिवा चालू ठेवायची पद्धत आहे, तसा त्यांच्याकडेही होता. खालच्या खणात दिवा, वरच्या उबदार खणात कॅमेरे, आणि कॅमेऱ्यांशेजारी, झाकण सैल करून, मला न सांगता पाऊसभर ठेवलेला हा डबा. मला कुणी काडेपेटी खिशात घेऊन दुकानात शिरला तरी हाकलायला सांगणारा हा माणूस. पण पोरीचा डबा जपायचा म्हणून त्याला मुंबईच्या पावसाळ्यावरचा जो उपाय माहीत होता तोच त्यानं केला.

झालं होतं असं. दारूत थोडा ओलावा असतोच, पापडात असतो तसा. बनवणारे तो धरूनच तिचा वेग ठरवतात. तो उडाला की तीच दारू जलद होते. शिवाय पाण्याचं वजन गेल्यामुळे तेवढ्याच वजनात दारू जास्त बसते. डब्यावर नाव सावकाश दारूचं, आत काय आहे ते देव जाणे.

मी व्यवहारी बाई. मी म्हटलं, "थोडी कमी घालून भरते. एकेक करत तपासू. वेळ आहे."

"हो ना, आबा," सुमन म्हणाली. "दोन मारल्या मी. काय झालं? आहे ना जिवंत?"

"कमी म्हंजे किती कमी? सांग माका," आबा म्हणाले. "वरची सुकली, तळाची नाय. मधली किती, कोण सांगतलो? एक काडतूस बरोबर, दुसऱ्यात—" त्यांनी सुमनकडे पाहिलं. "तिचो गाल असता थंय."

डबा ढवळून सारखा करता येईल असं मी म्हणून पाहिलं, पण म्हणतानाच कळत होतं की ते मनाचं समाधान आहे. आबांनी डबा उचलला, परसात गेले आणि वाकून, स्वतःच्या हातानं, पेरूच्या आळ्यात सगळी दारू पसरली. वरून बादलीनं पाणी घातलं. उन्हात ती ओली दारू चमकत होती. सुमन दारात उभी राहून बघत होती. तिचा संघ तिथं मातीत जिरत होता.

"झालं?" तिनं विचारलं. "आता दुसरं काय आहे ते सांगा. रडायला मला शाळा आहे."

दुसरं होतं ते असं. मधल्या वेगाची एक दारू होती, देशी, भरपूर. ती जड गोळीमागे चालणार नव्हती, पण हलक्या गोळीमागे छान चालत होती, आणि हलक्या गोळ्या नानासाहेबांच्या काळापासून पडून होत्या. प्रमाण चार दिवसांत जुळलं. खाणीत, आडोशाला, गोळ्या पुन्हा नाण्याखाली येऊ लागल्या. पण निवड खाणीत नव्हती. ती होती पूर्वेला खाडीकाठच्या मैदानात, मिठागरांच्या कडेला, उघड्यावर. तिथं हलकी गोळी वाऱ्याबरोबर जाते.

मग आम्ही वारा शिकलो. शाळेआधी सुमन आणि दुकानाआधी मी, मिठागरांच्या बांधावर जाऊन बसायचो. मला नेमबाजीतलं काही कळत नव्हतं. मी डबा घेऊन जायचे, पोह्यांचा. पहाटेचं धुकं वाफ्यांवर पातळ पसरलेलं असायचं. मिठाचे ढीग त्यातून वर आलेले, जणू रात्रीतून कुणी छोटे डोंगर ठेवून गेलंय. बगळे उभे. आकाश खाली पाण्यात, आणि पाण्यातला बगळा खऱ्या बगळ्यापेक्षा स्थिर. सुमन डोळे मिटून बसायची आणि गालावर वारा मोजायची. मग डोळे उघडून पाण्यावरच्या सुरकुत्या बघायची. "आता पावणेदोन रेघा," ती म्हणायची; नेम तेवढा बाजूला धरायचा. "आता दोन. आता पडला." हळूहळू मलाही दिसायला लागलं. वारा येताना लांबचा वाफा आधी काळसर होतो, मग त्याच्या अलीकडचा, मग आपल्या पदराचं टोक हलतं. तासभर दोघी काही बोलायचो नाही. सबंध आयुष्यात मी इतकी निवांत बसले नसेन, आणि तेही तिच्या वाट्याला आलेल्या संकटापायी. याचं मला तेव्हाही वाईट वाटायचं.

आबा एकदाही आले नाहीत. विचारायचे मात्र रोज. "शिकता मा ती?"

निवडीच्या दिवशीही ते दुकानातच थांबले. मी गेले. चार जण घेणार होते. सुमननं सुरुवातीपासून तिच्या पद्धतीनं मारलं: पाण्याकडे बघायचं, थांबायचं, गोळीला वारा नेईल तेवढं उलट्या बाजूला धरायचं आणि सोडायचं. क्लबच्या सेक्रेटरींनी मला त्यांच्या दुर्बिणीतून बघू दिलं. काच गोळीच्या वाटेवर धरली की हवेत वाट उमटते, म्हणाले. मी डोळा लावला. सुमनची गोळी सुटली आणि खरंच, हवेत एक सुरकुती गेली, पाण्याखाली मासा जावा तशी. ती चढली, वाऱ्यानं कलली, आणि वळत वळत काळ्या वर्तुळात शिरली. इतकी वर्षं मी चिमटीनं तोलत होते ते हे होतं. मी डोळा काढलाच नाही. प्रत्येक गोळी तशीच कलत गेली आणि घरी परतल्यासारखी मधे जाऊन बसली.

शेवटच्या गोळीपर्यंत ती चौथ्या जागेसाठी एका पोलीस जमादाराच्या बरोबरीनं होती. त्यांचं मारून झालं होतं, शेवटची नवात. तिला शेवटची दहात, अगदी मधल्या वर्तुळात, हवी होती. नऊ झाली तर बरोबरी, आणि दहा त्यांच्या जास्त, म्हणून जागा त्यांची.

वारा खाडीकडून चांगला वाहत होता. सुमन थांबली. लांबचा वाफा काळा, अलीकडचा काळा. तिनं श्वास सोडला. तेवढ्यात सकाळचा वारा संपला. खाडीकडचा थांबतो आणि समुद्राकडचा अजून यायचा असतो, अशी एक घटका रोज असते. ती त्या क्षणी आली. माझ्या पदराचं टोक खाली पडलं आणि त्याच वेळी बार झाला.

दुर्बिणीत मी ती सुरकुती पाहिली. ती कुठंही कलली नाही. ताणून धरलेल्या दोऱ्यासारखी सरळ गेली आणि डावीकडे, आठात, लागली.

सुमननं बोल्ट उघडला, पुंगळी काढली आणि माझ्या हातात दिली. जमादारांशी हात मिळवला. आम्ही रिक्षा केली. घरी जाईल असं मला वाटलं, पण ती म्हणाली, "दुकानात चला."

आबा आमची पावलं ऐकूनच उभे राहिले होते. काउंटरच्या कडेला दोन्ही हात धरून.

"आबा," सुमन म्हणाली, "तुमची गोळी जिथं धरली तिथंच गेली. केसभर इकडं नाही की तिकडं."

"मगे?" आबा म्हणाले.

"मग काय? वारा पडला."

आबांनी मान हलवली. सुमननं काउंटरचं फळकूट उचललं, आत गेली, आणि ओट्यावरचं पातेलं उचलून म्हणाली, "चहा मी टाकते. साखर कुठं ठेवता हो तुम्ही? कपाटात, दिव्याशेजारी?"

तेव्हा कुठं ते हसले. हसता हसता त्यांनी तोंड फिरवलं, आणि आम्ही दोघी पाण्याला उकळी येईपर्यंत पातेल्यातच बघत राहिलो.